पणजीत तीन वर्षांसाठी बिऱ्हाड हलवत आहोत : घर कोणत्या भागात घ्यावे आणि एवढ्याशा शहरात मन रमते का?

मुठेकाठचा :
नमस्कार. पत्नीची पणजीला बदली झाली असून जूनपासून किमान तीन वर्षे आमचा मुक्काम तिथे असेल. माझे काम घरूनच चालते. सोबत माझी ७२ वर्षांची आई असेल. तिला रोज भाजी स्वतः आणायची असते, देवळात जायचे असते आणि वाटेत चार माणसांशी बोलायचे असते; गुडघे दुखत असले तरी एवढ्याशा अंतरासाठी रिक्षा करणे तिला अपमानास्पद वाटते. गोव्याला आम्ही अनेकदा गेलो आहोत, पण दर वेळी समुद्रकिनाऱ्याजवळ उतरून पणजीत फार तर एखादी संध्याकाळ काढली. फोंतेन्हासमधील रंगीत घरे पाहून पत्नीचा जीव तिथेच अडकला आहे आणि एका दलालाने तिथले तळमजल्याचे जुने घर सुचवलेही आहे. अशी घरे राहायला खरोखर सोयीची असतात का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की २०११ च्या जनगणनेनुसार ज्या शहराच्या महापालिका हद्दीत सुमारे ४० हजार माणसे होती, तिथे जन्मभर पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाचा वेळ जातो का? प्रेक्षणीय स्थळांची यादी जालावर कोठेही मिळेल. मंगळवारी दुपारी तिथे काय असते, ते कोणी सांगितले तर बरे होईल.

मळेकर :
मंगळवारी दुपारी इथे काहीही नसते, हे आधीच सांगून टाकतो. एक वाजला की बहुतेक दुकानांची दारे ओढली जातात आणि साडेतीन-चारपर्यंत गाव झोपते. मी नवा असताना दुपारी दोन वाजता खिळे आणायला बाहेर पडलो होतो, तेव्हा अर्धवट ओढलेल्या शटरच्या आडून फक्त आवाज आला, ‘चार वरांचेर येयात’, म्हणजे चार वाजता या. त्या दिवशी मी चिडलो होतो. आता त्या वेळेला कोणी माझी बेल वाजवली तर मी तसाच चिडतो.

घराविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण फोंतेन्हासला लागूनच असलेल्या मळा नावाच्या वस्तीत मी ११ पावसाळे काढले आहेत. आल्तिनोच्या टेकडीचा पायथा एका बाजूला आणि ओरेंची खाडी दुसऱ्या बाजूला, अशा बेचक्यात हा भाग आहे. त्यामुळे उतारावरून येणारे पाणी आणि भरतीबरोबर वर चढणारे पाणी यांची गाठ आमच्याच गल्लीत पडते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात नुसत्या पावसाला कोणी भीत नाही, पण मोठी सर आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की गटारांना पाणी सोडायला जागा उरत नाही, आणि मग मळ्यात काय किंवा १८ जून रस्त्यावर काय, पाणी तुंबते. आपण घर पाहणार मे महिन्यात, म्हणजे सगळे कोरडे असताना. तेव्हा नव्या रंगावर भाळू नका. चिऱ्याच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर तळहात फिरवा. रंगाखाली फोड आलेले असतील आणि हाताला पांढरी, खारट भुकटी लागली तर भिंतीला लोणा लागला आहे, आणि दर पावसाळ्यात तो रंगाला वर ढकलणारच.

आणखी एक गोष्ट दलाल सांगत नाहीत. एकदा सकाळी पाव घ्यायला मी दार उघडले, तर आमच्या पायरीवर नटून-थटून एक जोडपे बसलेले आणि समोर छायाचित्रकार. त्याने मलाच ‘काका, दोन मिनिटे आत जाता का?’ असे विचारले. मी गेलो, हे सांगायला अजून लाज वाटते. वहिनींचा जीव त्या घरांत अडकला असेल तर वरच्या मजल्यावरचे घर पाहा, तळमजला नको.

चढणकर :
मळेकरांनी ओलीचे सांगितले ते अगदी खरे आहे, परंतु आपल्या प्रश्नातली खरी अट आईंचे गुडघे ही आहे. ओल टाळायची म्हणून लोक आमच्या आल्तिनोवर येतात. इथे झाडी आहे, वारा आहे, पाणी साचत नाही. मात्र काहीही आणायचे तर खाली उतरावे लागते आणि पिशवी घेऊन परत चढावे लागते. ताळगावच्या बाजूला नव्या, लिफ्टच्या इमारती पुष्कळ आहेत, पण तिथे राहून आपण पणजीत राहिलो असे आईंना वाटणार नाही. माझे मत विचाराल तर महालक्ष्मीच्या देवळापासून बाजारापर्यंतच्या सपाट पट्ट्यात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेले साधे घर घ्यावे. पोर्तुगीज अमदानीत १८१८ मध्ये उभे राहिलेले हे देऊळ आजही लोकांच्या रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे आईंना बोलायला चार माणसे तिथेच मिळतील.

वेळ जातो का, याचे उत्तर मी माझ्या दिनक्रमावरून देतो. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि तोच भोंगा संध्याकाळी पुन्हा वाजतो. टोपलीत उंडे, कात्रे पाव, कडक कांकणे आणि पोई असते. काहीजण पोईला पोळीच म्हणतात, तेव्हा आईंना आधी सांगून ठेवा, की ती कोंडा लावलेली पावाची जात आहे, घडीची पोळी नव्हे. नंतर बाजार. दुपारी झोप, नाहीतर पाट्टोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय. त्याची परंपरा १८३२ पासूनची आहे आणि मराठी पुस्तकांचा साठा पुण्याच्या माणसाचे तोंड बंद करील इतपत आहे. संध्याकाळी कांपालला नदीकाठी चालावे, किंवा फेरीबोटीने बेतीला जाऊन त्याच बोटीने परत यावे. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही आणि नदीच्या मधोमध गेल्यावर सगळी पणजी एका नजरेत मावते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा, नोव्हेंबरातला चित्रपट महोत्सव, ८ डिसेंबरचे चर्चचे फेस्त (उत्सव), मळ्यातली मारुतीची जत्रा हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर असते. पुण्यात नाटकाला जायचे म्हणजे आधी गाडी कोठे लावायची हा विचार करावा लागतो. इथे शेवटची घंटा होण्याआधी दहा मिनिटे घरातून निघालो तरी चालते.

पूर्वी_रिबंदरला :
मी थोडा विरोधी सूर लावतो. मी चार वर्षे रिबंदरला राहिलो आणि पणजीत नोकरी केली. १६३० च्या दशकात बांधलेल्या, मिठागरांच्या कडेने जाणाऱ्या तीनेक किलोमीटरच्या त्या बांधावरून रोज स्कूटरने येणे हे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर येणे-जाणे होते, यात शंका नाही. पण तिसऱ्या वर्षी मला हे शहर अंगाला घट्ट होऊ लागले. काल आपण कोणाबरोबर चहा प्यायलो हे आज कार्यालयात ठाऊक असते. शनिवारी-रविवारी कॅसिनोंकडे येणाऱ्या गाड्यांनी नदीकाठचा रस्ता भरून जातो आणि गावातली माणसे घरात बसतात. ज्याला गर्दीत हरवून जायची सवय आहे त्याने महिन्यातून एकदा बाहेर पडण्याची सोय ठेवावी.

भाषेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मराठी बहुतेकांना समजते, घराघरांत मराठी वर्तमानपत्र येते, आरत्याही मराठीतच चालतात. त्यामुळे आईंची अडचण होणार नाही. परंतु १९८७ च्या कायद्याने कोकणी इथली राजभाषा झाली, त्याआधीचा वाद फार कडवा होता आणि तो अजून लोकांच्या आठवणीत आहे. ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ हे वाक्य पुण्यात सहज खपते, इथे चहाच्या टेबलावरही काढू नये. उलट बाजारात चार शब्द कोकणीतून बोलावेत. मासळीवाली भाव कमी करीलच असे नाही, पण बांगडा ताजा आहे का हे खरे सांगेल.

मुठेकाठचा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोंतेन्हासचे घर काल पाहिले. मळेकरांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवर हात फिरवला आणि पांढरा झालेला तळहात पत्नीला दाखवला. तिने काही न बोलता दलालाला नमस्कार केला. देवळापासून पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावरचे घर जवळजवळ ठरले आहे. आता फक्त सामान कधी हलवावे तेवढे सांगा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चालेल का?

मळेकर :
नाही चालणार; मेअखेरीस हलवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर गाद्या ट्रकमधून उतरतानाच भिजतील आणि गणपतीपर्यंत वाळणार नाहीत. चामड्याच्या वहाणा आणि पट्टे कपाटात कोंडून ठेवू नका, आठवड्यात त्यांच्यावर हिरवी बुरशी धरते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मासे खात असाल तर आल्याआल्या बाजारातून सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), आमसुले आणि मिरच्या भरून ठेवा. पावसाळ्याच्या या बेगमीला इथे पुरुमेंत म्हणतात आणि मेअखेरीस बाजारात त्याचीच गर्दी असते. आणि आईंना सांगा, की दुसऱ्या मजल्यावरून पोदेराला हाक मारून उपयोग नाही, तो तोवर पुढच्या गल्लीत गेलेला असतो. आमच्याकडे सगळेजण आदल्या रात्रीच खालच्या फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात.