ऐकून घेणारी माणसं भेटली का तुम्हाला? अनुभव लिहा

चाफेकळी
काल कपाट आवरताना आजोबांची अभंगांची वही सापडली आणि सगळं डोळ्यासमोर आलं. दर रविवारी ते मला गिरगावात प्रार्थना समाजाच्या उपासनेला न्यायचे. मूर्ती नाही, नैवेद्य नाही, तुकोबांचे अभंग, प्रार्थना आणि मग उपदेश. मला कंटाळा यायचा खरंतर. मी अकरावीत असताना बाबा गेले, त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर एक मावशी शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांग." एवढंच. मी अर्धा तास बोलत होते, बाबांच्या चपला अजून दाराशीच आहेत, आई त्या उचलू देत नाही वगैरे. एकदाही "धीर धर" नाही, "देवाची इच्छा" नाही. उठताना त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, पुढच्या रविवारी तुझी जागा धरून ठेवू का? त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं जात राहिले.

पायवाट
वाचून गलबलून आलं गं. मी इतकी वर्षं प्रार्थना समाज म्हणजे बसस्टॉपच समजत होते 😊

जुनापिंपळ
स्टॉपला नाव त्यांच्यावरूनच. १८६७ ची संस्था, आत्माराम पांडुरंग, मग रानडे, भांडारकर. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला युनिटेरियन (त्रैक्य न मानता देव एकच मानणारे उदार ख्रिस्ती) लोकांच्या कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि परत येऊन समाजाचे प्रचारक झाले. आमचे पणजोबा गिरणीत होते, समाजाच्या रात्रशाळेत अक्षरं शिकले. घरात अजून सांगतात की तिथे पहिल्यांदा त्यांना कुणीतरी "अहो" म्हटलं. पणजोबा अक्षरांपेक्षा ते "अहो"च जास्त सांगायचे म्हणे.

मीरा_घरातून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. घटस्फोटानंतर आमच्या भजनी मंडळात मला टाळ द्यायचंच बंद झालं, तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त टाळ माझ्यापर्यंत यायचे नाहीत. मग एका मैत्रिणीने तिच्या प्रार्थना गटात नेलं. तिथे एकीचं बोलून झालं की दोन मिनिटं सगळ्या गप्प, सल्ला द्यायचा नाही हा नियम. पहिल्या दिवशी ती शांतता इतकी जड वाटली की वाटलं उठून जावं, पण कुणीच मान वळवली नाही की घड्याळ बघितलं नाही. मी तिथेच रडले. गप्प बसून ऐकणं ही साधनाच आहे, मला अजून जमत नाही, मुलगी बोलायला लागली की माझं उत्तर तयारच असतं

पायवाट
मीरा, टाळांचं वाचून फार वाईट वाटलं. तुझ्या मुलीला किती वर्षं झाली?

मीरा_घरातून
चौदा. शिट्ट्या झाल्या, आले

सावळी
धाग्याशी थेट संबंध नाही पण सासूबाईंना ऐकू कमी येतं. सगळे ओरडून बोलायचे म्हणून त्यांनी उपासनेला जाणंच सोडलं. आता त्यांच्या शेजारी बसणाऱ्या काकू अभंगाचं पान उघडून ओळीवर बोट फिरवतात आणि सासूबाई त्या बोटाबरोबर ओठ हलवतात. चार महिने झाले, एक रविवार चुकला नाही. मशीनला मात्र तयार नाहीत. कुणाच्या घरी वापरतात का?

जुनापिंपळ
आमच्या आईने आधी रोज फक्त एक तास लावलं, तेही शांत खोलीत. एकदम दिवसभर लावलं की भांड्यांचा आवाज सहन होत नाही.

चाफेकळी
सावळी, त्या काकूंना माझा नमस्कार सांग.