मदत हवी आहे: कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांसाठी वेगळी पानं करावीत का?

नमस्कार मंडळी. मी वाळपईहून (सत्तरी, गोवा) घरचे काजू आणि सोलां (म्हणजे कोकमं) विकते. वेबसाइटला दीड वर्ष झालं. ‘गोवा काजू’ शोधलं तर पहिली पाच पानं मोठ्या दुकानांचीच, आमचा पत्ताच नाही.

मार्चमध्ये एक पान लिहिलं: ‘सालासकट भाजलेले गोव्याचे काजू’. भट्टी, करपलेली साल, भाजल्यावर हाताला लागणारा काळा रंग, सगळं सविस्तर, फोटोंसह. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात किती वेळा दिसली ते दाखवणारं गूगलचं साधन) गेल्या महिन्यात त्या शब्दांवर फक्त 11 वेळा दिसलो, पण चौथ्या क्रमांकावर! तिघांनी उघडलं, दोघांनी मागवलं. कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं गूगलचं साधन) मात्र या शब्दांची आकडेवारीच नाही. आकडा नाही म्हणून शब्द सोडून द्यायचा, हे मला आता पटत नाही.

अडचण सोलांची आहे. आम्ही सोलां म्हणतो, पुण्याचं गिऱ्हाईक आमसूल म्हणतं, मुंबईचं कोकम. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. प्रत्येक नावाचं वेगळं पान केलं तर मजकूर तोच राहणार, आणि माझीच पानं एकमेकांच्या आड येतील अशी भीती वाटते. नुसती शब्द बदलून केलेली पानं गूगलला चालत नाहीत, हेही वाचलंय.

मग एकाच पानावर तिन्ही नावं घ्यावीत का? शीर्षकात कोणतं ठेवू? आणि इंग्रजी अक्षरांतलं नाव कुठे बसवावं? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. पावसाआधी पान तयार करायचं आहे.