दागिन्यांची ने-आण करताना परवान्याचे रिव्हॉल्व्हर जवळ बाळगावे का?

गिरगावकर यांचा प्रश्न

झवेरी बाजारात माझा दागिने घडवण्याचा छोटा कारखाना असून तयार माल दादर, ठाणे आणि कल्याण येथील सराफांकडे पोहोचवण्याचे काम बहुतेक वेळा मी स्वतःच, लोकलने करतो. आमच्याच गल्लीतील एका व्यावसायिकाला गेल्या महिन्यात रात्री दोघांनी अडवले, चॉपरचा धाक दाखवून बॅग हिसकावली आणि त्याने प्रतिकार करताच हातावर वार केला. तेव्हापासून परवाना काढून रिव्हॉल्व्हर जवळ बाळगावे, असे मनाने घेतले आहे. घर दोन खोल्यांचे आणि मुले शाळकरी, म्हणून पत्नीचा ठाम विरोध आहे. मला मात्र, कोणीतरी समोर उभे राहून आपल्या कष्टाची वस्तू मागावी आणि आपण ती निमूटपणे काढून द्यावी, ही कल्पनाच सहन होत नाही. परवाना मिळू शकतो का, प्रसंगी गोळी झाडावी लागली तर कायदा काय म्हणतो, आणि मी जात नाही त्या दिवशी माझा पुतण्या ते शस्त्र सोबत नेऊ शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त पोलीस अधिकारी

मुंबईत हा परवाना पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळतो. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीविताला किंवा मालमत्तेला खरोखर धोका असेल, तर शस्त्र नियम, 2016 नुसार अर्जाचा विचार होतो. मात्र सराफी व्यवसायात आहे एवढ्यावर परवाना मिळेलच असे नाही, कारण स्थानिक पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल महत्त्वाचा ठरतो. पुतण्याबाबत उत्तर स्पष्ट आहे. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, आणि त्यावर पुतण्याची रीतसर नोंद नसताना त्याने शस्त्र नेले तर तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होईल. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी 2 ते 5 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात शस्त्र पोलिसांकडे जमा करण्याची नोटीसही येऊ शकते.

आता अनुभवाने सांगतो. जोखीम, म्हणजे मौल्यवान ऐवज, घेऊन जाणाऱ्या माणसावर अचानक हल्ला होतो असे आपल्याला वाटते, परंतु बहुतेक प्रकरणांत आधी टीप गेलेली असते, पाळत ठेवलेली असते आणि जागा व वेळ लुटारूंनीच निवडलेली असते. मागून मानेवर चॉपर टेकवला गेला की कमरेचे रिव्हॉल्व्हर काढायला अवसर मिळत नाही. उलट ते त्यांच्या हाती पडते. शिवाय जोखीम केवळ शस्त्राच्या धाकाने जात नाही. आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा, असे सांगणारे तोतये किंवा शर्टावर घाण टाकून ती पुसण्याच्या निमित्ताने बॅग लांबवणारे लोक आपल्याला भीती वाटण्यापूर्वीच आपले काम उरकून निघून गेलेले असतात. आपल्या कारखान्यातून माल केव्हा आणि कोणत्या मार्गाने निघतो हे किती जणांना ठाऊक आहे, याचा विचार आधी करावा.

फौजदारी वकील

खासगी बचावाचा अधिकार 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. जिवावर बेतण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर कलम 38 नुसार हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा अधिकार पोहोचतो, आणि कलम 41 जबरी चोरीच्या बाबतीतही तो देते. तथापि खरी मेख कलम 43 मध्ये आहे: जबरी चोरी करणारा जोवर मृत्यू, दुखापत किंवा अटकाव घडवत असतो किंवा तशी तात्काळ भीती कायम असते, तोवरच हा अधिकार चालू राहतो. बॅग घेऊन पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीत आपण गोळी घातली तर या अधिकाराचा आधार टिकणे फार कठीण आहे, आणि संतापाच्या भरात नेमके तेच घडण्याची शक्यता अधिक असते.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात, कायदा पाळणाऱ्या नागरिकाने हल्ला होताच भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, अशी भूमिका घेतली आहे. म्हणून आपल्या भावनेला कायद्यात मुळीच जागा नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु ही बाजू न्यायालयात मांडावी लागते. तोवर गुन्हा नोंदला जाणे, शस्त्र जप्त होणे, कदाचित अटक होणे आणि वर्षानुवर्षे तारखा पडणे, हे सर्व आपल्या कुटुंबाला सोसावे लागेल.

वरळीचा नेमबाज

माझ्याकडे अनेक वर्षे परवाना आहे आणि परवानाधारक म्हणजे उतावळा माणूस, हा समज मला मान्य नाही. ज्याला नावानिशी धमक्या येतात, ज्याचे घर वस्तीपासून दूर आहे, त्याच्यासाठी शस्त्र हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण ते बाळगायचे म्हणजे सतत सराव हवा, कुलूपबंद कपाट हवे, आणि गोळ्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त हवी. 1 ऑक्टोबर 2024 रोजी अभिनेते गोविंदा यांना जुहू येथील घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, तेव्हा समोर कोणी हल्लेखोर नव्हता. संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये, जिथे हात वर करायला जागा नसते तिथे, गोळीच्या वाटेत कोण उभे असेल हे मलाही सांगता येणार नाही. म्हणून मी लोकलमध्ये शस्त्र नेत नाही.

एका सराफाची पत्नी

आपल्या पत्नीच्या विरोधाला आपण एका वाक्यात उरकले आहे, म्हणून लिहिते. ज्या लोकलने आपण जोखीम नेता, त्या उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर वर्षाकाठी 2,000 हून अधिक माणसे दगावतात, आणि तरीही गर्दीच्या डब्यात दारात उभे राहताना आपल्याला शस्त्राची आठवण येत नाही. जो धोका रोजचा आहे तो अंगवळणी पडतो. ज्यात अपमान आहे तो झोप उडवतो. निमूटपणे देणे सहन होत नाही, हे आपले दुःख खरे आहे आणि मी ते हलके मानत नाही, कारण माझ्या पतींनीही एकदा बॅग देऊन टाकली आणि पुढे कित्येक महिने ते त्या विषयावर बोलले नाहीत. पण त्या रात्री ते घरी परतले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, ती इतरांचे जीव वाचावेत म्हणून. जीव पणाला लावण्याजोगी गोष्ट पुष्कळदा समोर येत नाही, आणि पंचवीस तोळे सोने ही ती गोष्ट नव्हे.

गिरगावकर

सर्वांचा आभारी आहे. पुतण्याच्या हाती शस्त्र देण्याचा विचार सोडला आहे. स्वतःसाठी अर्ज करावा की नाही, हे पत्नीशी बोलूनच ठरवीन. मालाचा विमा मात्र केवळ कारखान्यापुरता आहे, वाहतुकीचा नाही.

फौजदारी वकील

मग आधी तेच दुरुस्त करून घ्यावे. सराफांसाठी जूलर्स ब्लॉक नावाचा विमा मिळतो आणि त्यात वाहतुकीतील माल समाविष्ट करता येतो. माल कोणी न्यायचा, एका वेळी किती किमतीचा न्यायचा आणि रात्री तो कोठे ठेवायचा यावरच्या अटी सही करण्यापूर्वी वाचाव्यात, आणि पुतण्या माल नेणार असेल तर त्यालाही संरक्षण लागू होते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.