सोसायटीच्या दप्तराची हार्ड डिस्क

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ऑफिसमधली १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क सकाळपासून उघडत नाहीये. जोडली की फॉरमॅट करा म्हणते. सभासदांचं आय रजिस्टर, सभासदांच्या यादीचा जे फॉर्म, टॅलीचा म्हणजे हिशेबाचा बॅकअप, व्हाउचरांचे स्कॅन, सगळं त्यातच आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीय. कोणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा 🙏

ए-२०३: विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवून बघा. माझा पेनड्राइव्ह त्यानेच सुरू झाला होता.

बी-५०४: काका, हात जोडते, फॉरमॅट नको आणि चेकडिस्कही नको! चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहितं. फायली कुठे आहेत त्याच्या नोंदी बिघडलेल्या असतील तर दुरुस्तीच्या नादात उरलेल्याही जातील. आधी सांगा, टक-टक असा आवाज येतोय का?

सेक्रेटरी: नाही गं. फिरते आहे, हाताला कळतं.

बी-५०४: मग आशा आहे. काढून ठेवा, परत जोडू नका. संध्याकाळी येऊन घेऊन जाते.

ए-२०३: आणि टक-टक असती तर?

बी-५०४: तर मी हात लावला नसता. बहुतेक वेळा हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, गेल्याची ती खूण. ताबडतोब बंद करायची आणि क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या लॅबकडे द्यायची. हेड प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीपासून, काही नॅनोमीटरवर तरंगतो, धुळीचा साधा कणही त्याहून कितीतरी मोठा. म्हणून घरी उघडायची नाही.

सी-१०१: फ्रीझरमध्ये ठेवतात असं ऐकलंय?

बी-५०४: नको काकू, बाहेर काढली की आत दव धरतं.

(दुसऱ्या दिवशी)

बी-५०४: रात्रभर डीडीरेस्क्यू लावून ठेवलं होतं. फुकट मिळतं, लिनक्सवर चालतं. मूळ डिस्क नुसती वाचायची आणि तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, माझ्या २ टीबीच्या डिस्कवर उतरवायची. वाचता येणारा भाग ते आधी उचलतं, अडणारे सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, शेवटी. कुठवर आलं ते मॅपफाइलमध्ये राहतं. मध्ये लाइट गेली होती, तरी तिथूनच पुढे सुरू झालं.

मग त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क हे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं. बूट सेक्टर, म्हणजे डिस्कची मांडणी सांगणारा सुरुवातीचा तुकडा, बिघडला होता, पण एनटीएफएसमध्ये (विंडोजची फायली ठेवायची पद्धत) त्याची एक प्रत पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या त्या भागाच्या, शेवटी असते, ती शाबूत निघाली. फोल्डर नावांसकट दिसले!! फोटोरेक या दुसऱ्या सॉफ्टवेअरची गरजच पडली नाही. त्याने फायली निघतात, पण नावं जातात, मग हजारो स्कॅन एकेक उघडून ओळखत बसावे लागले असते.

सेक्रेटरी: पोरी, केवढं ओझं उतरवलंस 🙏🙏 रजिस्टर आहे ना?

बी-५०४: आय, जे, टॅली सगळं उघडून पाहिलं. २०१९-२० ची काही व्हाउचरं मात्र उघडत नाहीत, खराब सेक्टर तिथेच होते. मूळ कागद कपाटात असतील ना?

खजिनदार: आहेत, खालच्या कप्प्यात.

बी-५०४: मग रविवारी १० वाजता ऑफिसात या. स्कॅनर मी आणते. येताना कोणीतरी नवी डिस्क घेऊन या, एक नाही, दोन. दुसरी ऑफिसात ठेवायची नाही.

ए-२०३: मी आणतो.