विषय: खालची खोली – चार गाड्या, एक प्लग

नमस्कार,

शनिवारी खालच्या खोलीला कुलूप लागेल ते थंडी सरेपर्यंत. मोटारसायकली 4, प्लग 1. गेल्या वेळसारखी एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेली मी चालू देणार नाही. बॅटऱ्या घरी नेताय की एकच चार्जर आळीपाळीने लावताय, ते गुरुवारपर्यंत ठरवा.

– किल्ली माझ्याकडे

---

पुन्हा: खालची खोली

ताई, घरी न्याव्यात. गाडीत जोडून ठेवलेली बॅटरी दोन वाटांनी उतरते. एक तिची स्वतःची: चांगल्या एजीएमची (बंद डब्याची शिशाची बॅटरी, ॲसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेलं) महिन्याला 1 ते 3 टक्के, थंडीत त्याहून कमी. दुसरी वाट गाडीची: घड्याळ, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अलार्म. 5 मिलिअँपिअर किरकोळ वाटतात, पण 24 तास गुणिले 30 दिवस केलं की 3.6 अँपिअर-तास होतात. 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा महिन्याभरात गेला. मायनस सोडवला की ही वाट बंद.

काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना फ्रेमला टेकला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून हा क्रम. टर्मिनलमधली चौकोनी नट निसटून बॅटरीच्या कप्प्यात पडते. काढल्याबरोबर नट-बोल्ट त्याच टर्मिनलला परत लावून टाका.

घरी महिन्यातून एकदा चार्ज पुरे. करंट क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे 10 ला 1 अँपिअर. चार्जर काढल्यावर लगेच मीटर लावू नका, वरवरचा व्होल्टेज दिसतो. 12 तासांनी मोजा. 12.8 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण. त्याखाली राहू दिली की प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज करा, ती क्षमता परत येत नाही. बॅटरी मरते ती थंडीने नव्हे, अर्धवट उतरलेली पडून राहिल्याने. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 50 लाही गोठत नाही. पार उतरलेलीतलं उणे 8-10 च्या आसपासच गोठतं आणि डबा तडकतो.

---

पुन्हा: पुन्हा: खालची खोली

दादा, हिशोब बरोबर, पण निष्कर्ष पटत नाही. निळ्या गाडीची बॅटरी टाकीखाली आहे. टाकी उचलल्याशिवाय हात जात नाही. दर हिवाळ्याला ते कोण करणार?

एकदाच प्रत्येक बॅटरीला फ्यूजवाली वायर कायमची जोडा: रिंगा टर्मिनलवर, 7.5 अँपिअरचा फ्यूज प्लसच्या वायरवर बॅटरीच्या जवळ, टोकाला दोन पिनांचा प्लग. बॅटरीकडून आलेल्या प्लगमध्ये प्लसची पिन झाकलेलीच हवी, नाहीतर लोंबणारी पिन फ्रेमला लागते.

मग आपोआप फ्लोटवर जाणारा (बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवून नुसती भरलेली ठेवणारा) 1 अँपिअरचा चार्जर दर रविवारी एका गाडीवरून दुसरीवर. पाळी यायला मध्ये 21 दिवस. 5 मिलिअँपिअरने तेवढ्यात अडीच अँपिअर-तास जातात, ते एका रात्रीत भरतात. पाळीची यादी आधीपासून मीच ठेवतो, ती मीच पाठवेन.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: खालची खोली

यादी ठेवा हो, पण कोपऱ्यातल्या मोठ्या गाडीला अलार्म आहे. तो 20 मिलिअँपिअर खात असेल तर 21 दिवसांत 10 अँपिअर-तास, म्हणजे तुमची पाळी येईपर्यंत अख्खी बॅटरी रिकामी. बरेच स्वयंचलित चार्जर इतक्या उतरलेल्या बॅटरीला ओळखतच नाहीत, सुरूच होत नाहीत. आधी मोजा: मायनस सोडवा, मीटर 10 अँपिअरच्या खाचेत घालून मायनस टर्मिनल आणि सोडवलेली वायर यांच्या मध्ये जोडा, दोन-चार मिनिटं थांबून आकडा स्थिर झाला की मग मिलिअँपिअरच्या खाचेत. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवलीत तर मीटरचा फ्यूज जाईल.

---

पुन्हा: खालची खोली (लिथियम!)

कुणी विचारलंच नाही म्हणून लिहिते. लाल गाडीत लिथियम आहे. ती पाळीत घालू नका.

पहिलं कारण, शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं. लिथियम धातूच्या रूपात प्लेटवर बसतं आणि ते नुकसान कायमचं. खोली तापवलेली नाही. दुसरं, शिशाच्या बॅटरीचं सल्फेट फोडायला काही चार्जर वरचढ व्होल्टेजचे झटके देतात, ते लिथियमला घातक. तिसरं म्हणजे वर दिलेला 12.8 चा आकडा हिला लावू नका. लिथियम भरलेली असताना 13.3 च्या आसपास असते, 12.8 दिसला तर ती जवळपास रिकामी आहे.

अर्ध्याहून थोडी जास्त भरून काढून ठेवा, बास. ती स्वतःहून फारच कमी उतरते.

---

पुन्हा: पुन्हा: खालची खोली (लिथियम!)

ताई, मग चार्जरच कशाला? रविवारी येणाराने 10 मिनिटं इंजिन चालू करावं. आणि काढलेल्या बॅटऱ्या सिमेंटच्या फरशीवर ठेवू नका, उतरतात.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: खालची खोली (लिथियम!)

काका, नको. आयडलिंगवर अल्टरनेटरचा करंट दिवा आणि इग्निशनच खातात, उरतं फार थोडं. आणि बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात, तिथे 10 मिनिटांत काय होणार? उलट इंजिन पुरतं तापत नाही, पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं. फरशीचं म्हणाल तर ते जुन्या रबरी डब्यांचं. आताचे डबे पॉलिप्रॉपिलीनचे, त्यातून करंट झिरपत नाही.

पिवळा जुना चार्जर मात्र कुणी वापरू नये. 24 तासांनीही टर्मिनलवर 14.5 दिसत असेल तर तो फ्लोटवर जातच नाही, एजीएम आतून सुकवतो.

---

पुन्हा: खालची खोली

ठरलं तर मग. लाल गाडीची आणि अलार्मवालीची बॅटरी घरी. निळी आणि चौथी पाळीत, एकेक आठवडा. चौथीत पाण्याची बॅटरी आहे: आधी पूर्ण चार्ज, मग खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर, आणि हवा जायची नळी दुमडलेली नाही ना ते बघा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. एजीएमची झाकणं कुणी उघडू नयेत.

टायमर लावू नका. वीज गेली की काही चार्जर बटण दाबल्याशिवाय परत सुरू होत नाहीत, आणि ते कळतं आठवड्याने.

किल्ली शुक्रवारी संध्याकाळी 6 ते 8 मिळेल. दहाचा पाना आणि मीटर खिडकीतल्या डब्यात आहेत. वापरून झाले की तिथेच परत ठेवा.