दुखापतग्रस्त हॉकीपटूंना मैदानात परत आणण्याची घाई होते का?

मूळ मत: जुना सेंटर हाफ (मधल्या फळीतला हॉकीपटू), शहापूर, बेळगाव

हॉकीचे संघ जखमी खेळाडूला पूर्ण बरा होण्याआधीच मैदानात उतरवतात, आणि राष्ट्रीय संघापेक्षा ही घाई आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील शालेय व क्लब संघांत कितीतरी अधिक असते, असे माझे ठाम मत आहे. 1964 साली टोकियोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाला बंडू पाटील यांच्यासारखा खेळाडू ज्या बेळगावने दिला, त्याच बेळगावातील मुलांच्या गुडघ्यांकडे आणि मांड्यांकडे पाहणारा एकही जाणकार माणूस संघासोबत नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडील स्पर्धांची रचनाच या घाईला खतपाणी घालते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या पायऱ्या थोड्या काळात उरकल्या जातात, एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळावे लागतात, आणि हे सारे बहुधा पावसाळ्यात, चिखलाने जड झालेल्या मैदानावर चालते. सकाळच्या सामन्यात ज्याच्या मांडीत कळ आली, त्यालाच दुपारी स्प्रे मारून आणि क्रेप बँडेज आवळून पुन्हा उभे केले जाते. त्याला विचारले तर तो ‘काही नाही सर, खेळतो’ असेच म्हणणार, कारण आज बाहेर बसलो तर उद्या आपली जागा दुसऱ्याला जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

हॉकीत चेंडू जमिनीवर असतो आणि काठी जेमतेम कमरेएवढी असते. त्यामुळे वेगाने धावता धावता खाली झुकावे लागते, आणि मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग हा स्नायू नेमका ताणलेल्या अवस्थेत सर्वाधिक भार घेतो. तो दुखावल्यावर वेदना लवकर थांबते, ताकद मात्र उशिरा परत येते. चालताना दुखत नाही म्हणजे बरा झाला, असे समजून ज्याला उतरवले जाते, त्याचा तोच स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका मोठा असतो, आणि दुसऱ्या वेळची दुखापत बहुधा पहिलीपेक्षा जास्त काळ घरी बसवते.

2023 च्या विश्वचषकात 15 जानेवारीला राउरकेला येथे इंग्लंडविरुद्ध खेळताना भारताच्या मधल्या फळीतील हार्दिक सिंगचा हॅमस्ट्रिंग दुखावला. वेल्सविरुद्ध तो खेळला नाही, तो सावरेल अशी आशा काही दिवस धरली गेली, आणि न्यूझीलंडविरुद्धच्या निर्णायक सामन्याआधी त्याला स्पर्धेतून मागे घेऊन राजकुमार पालला संघात घेण्यात आले. तो सामना 3-3 अशा बरोबरीनंतर भारताने शूटआउटमध्ये गमावला. हार्दिक असता तर निकाल वेगळा लागला असता, अशी हळहळ तेव्हा अनेकांनी व्यक्त केली. परंतु त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या संघांच्या मधल्या फळीत तोच हार्दिक होता. मायदेशातल्या विश्वचषकातही त्याला थांबवता आले, कारण ‘हा खेळण्याच्या स्थितीत नाही’ हे जाणणारी आणि सांगणारी माणसे संघासोबत होती. आपल्याकडे प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, खेळाडूला जागा टिकवायची असते आणि शाळेला चषक हवा असतो. ज्याचे त्या सामन्यात काहीच अडकलेले नाही, अशा व्यक्तीच्या हाती हा निर्णय असला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे.

उत्तर: शालेय संघाचा प्रशिक्षक, खानापूर

सर, आपली कळकळ मी समजू शकतो, परंतु आपण प्रशिक्षकावर जो हेतू लादला आहे तो मला मान्य नाही. मी ज्या मुलांना शिकवतो त्यांच्यापैकी बहुतेकांना सतरा वर्षांखालील गटात राज्य पातळीपर्यंत जाण्याची संधी एकदाच मिळते. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा ओलांडलेली असते, किंवा मुलगा शेतीत नाहीतर उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात कामाला लागलेला असतो. हार्दिक सिंगला हांगझोऊ मिळाले आणि पॅरिसही मिळाले. माझ्या मुलाला पुढची स्पर्धा मिळेलच, याची हमी कोण देणार?

थांबण्याचीही किंमत मोजावी लागते, आणि ती खेळाडूच मोजतो. राणी रामपालच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघ टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यानंतर दुखापतीमुळे ती बराच काळ बाहेर राहिली, 2022 च्या विश्वचषकाच्या संघात तिचे नाव नव्हते, 2023 च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर ती परतली, पण संघातली तिची जागा पुन्हा पक्की झाली नाही, आणि 2024 मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. एवढ्या थोर खेळाडूची जागा जर थांबत नसेल, तर तालुक्याच्या संघातल्या मुलाची कशी थांबेल?

शिवाय हॉकीत बदली खेळाडूंचा नियम अत्यंत सैल आहे. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलजवळून मिळणारी संधी, चालू असतानाचा वेळ सोडला, तर कोणालाही कितीही वेळा आत-बाहेर करता येते. दुखापतीतून परतणाऱ्या मुलाला मी चार-पाच मिनिटे खेळवतो, बाहेर घेतो, पाहतो आणि ठीक वाटल्यास पुन्हा पाठवतो. हे मला सावधपणाचेच वाटते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये कर्णधार बलबीरसिंग सीनियर पहिल्याच सामन्यात जखमी झाले, तरीही उपांत्य व अंतिम सामना खेळले आणि भारताने पाकिस्तानला 1-0 असे हरवले. त्यांना कोणी बाहेर बसवायला हवे होते, असे आपण म्हणणार आहात का?

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी

खानापूरच्या सरांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण हे दोन्ही मुद्दे मी पालकांकडूनही ऐकते.

बलबीरसिंगांचा हात जायबंदी झाला होता, मांडी किंवा गुडघा नव्हे. हाताला आधार देऊन धावता येते, फाटलेल्या हॅमस्ट्रिंगवर धावता येत नाही. त्या काळी सामन्यात बदली खेळाडूची सोयही नव्हती, आणि तरीसुद्धा अफगाणिस्तानविरुद्धच्या पहिल्या सामन्यानंतर गटातील उरलेल्या सामन्यांत त्यांना खेळवले गेले नाही. म्हणजे ते उदाहरण नीट पाहिले, तर त्यात जिद्दीइतकाच संयमही दिसतो.

दुसरा मुद्दा चार-पाच मिनिटांच्या खेळाचा. दुखऱ्या स्नायूसाठी हा प्रकार सुरक्षित नाही. बाकावर बसलेल्या मुलाचे शरीर थंड होते, आणि तो आत जातो तेव्हा थकलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याच्याकडून पूर्ण वेगाची अपेक्षा असते. बदली खेळाडूंच्या मोकळ्या नियमामुळेच आजची हॉकी पूर्वीपेक्षा वेगवान झाली आहे. हळूहळू परत आणणे हे सरावात व्हायला हवे. आधी सरळ रेषेत हलके धावणे, मग वेग वाढवणे, मग दिशा बदलणे, आणि शेवटी काठी घेऊन झुकून चेंडू अडवणे, या प्रत्येक टप्प्यावर दुखले नाही तरच पुढे जावे. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर मोजावे. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के होत नसेल, तर तो मुलगा सामन्यासाठी तयार नाही. यासाठी यंत्र लागत नाही, मोजपट्टी पुरते. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये. भारताचा गोलरक्षक श्रीजेश 2017 च्या सुलतान अझलन शाह स्पर्धेत गुडघा दुखावल्यावर उरलेले वर्ष खेळला नाही, 2018 च्या आरंभी परतला, आणि त्यानंतर त्याने दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळवली. डोक्याला चेंडू किंवा काठी लागून भोवळ आली, उलटी झाली किंवा मुलगा गोंधळल्यासारखा वागू लागला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचेच नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे, यावर चर्चेला जागा नाही.

आपल्या भागात स्नायू दुखावला की त्याच दिवशी हाडवैद्याकडे नेऊन तेलाने जोरात चोळण्याची पद्धत आहे. फाटलेल्या स्नायूत आधीच रक्तस्राव होत असतो आणि चोळण्याने तो वाढतो. कृपया पहिले काही दिवस तरी हे टाळा. नुसते अंथरुणावर पडून राहणेही मात्र मला मान्य नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सोडले, तर हलका व्यायाम लवकर सुरू झाला पाहिजे.

उत्तर: एका खेळाडूची आई, निपाणी

ताई, आपण सांगितलेले सारे पटते, पण ते करायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने? निपाणीहून व्यायामासाठी दर आठवड्याला बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचे म्हणजे बसचे भाडे, तपासणीचे शुल्क आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोजगार, हे सारे घरावर पडते. संघ मुलीला घेऊन जातो तेव्हा ती शाळेची असते, आणि ती लंगडत परत आली की फक्त आमची असते. तिला विश्रांती द्या असे सांगणाऱ्यांनी तिच्या उपचाराचीही सोय करावी.

आणखी एक गोष्ट मी स्पष्टपणे लिहिते. राज्य पातळीचे प्रमाणपत्र हे आमच्यासाठी शोभेचे कागद नाही. क्रीडा वसतिगृहातील प्रवेश, महाविद्यालयातील जागा, पोलीस किंवा रेल्वेतील खेळाडूंसाठीची भरती, हे सारे त्या एका कागदावर अवलंबून असते. मुलगी खेळते म्हणाली आणि आम्ही होकार दिला, तर बाहेरच्या कोणी तो होकार फिरवावा, हे मला योग्य वाटत नाही.

उत्तर: निवृत्त सैनिक, मराठा लाइट इन्फंट्री, हिंडलगा

निपाणीच्या ताईंची खर्चाची बाजू पूर्णपणे खरी आहे. मात्र होकाराचा मुद्दा मला मान्य नाही, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीच्या अनुभवात आहे.

ज्यांनी 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल राखला, ते शंकर लक्ष्मण आमच्याच रेजिमेंटचे. तेव्हा रेजिमेंटमध्ये हॉकीची ईर्षा किती असते, हे मी सांगायला नको. तरीही सैन्यात प्रत्येक जवानाची वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते. डॉक्टरांनी ती तात्पुरती खाली आणली, तर कोणते काम आणि कोणती कवायत त्याने करायची नाही हे कागदावर लिहिले जाते, ठराविक मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते, आणि तोपर्यंत ‘साहेब, मी खेळतो’ असे जवानाने म्हटले तरी नियमाने त्याचा उपयोग नसतो. या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा असा, की जवानाला स्वतःच्या तोंडाने ‘मला जमत नाही’ असे म्हणावे लागत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्या संघासमोर हे म्हणायला लावणे फार कठीण आहे, आणि नेमकी तीच जबाबदारी आपण त्याच्यावर टाकतो.

उत्तर: जुना सेंटर हाफ, शहापूर, बेळगाव

हिंडलग्याच्या साहेबांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडले आहे. खेळाडूंची यादी देताना वयाचा दाखला आणि मुख्याध्यापकांची सही आपण देतोच. त्याच यादीसोबत, ज्या खेळाडूला त्या हंगामात दुखापत झाली आहे त्याच्यासाठी संघाशी संबंध नसलेल्या डॉक्टरचा किंवा फिजिओथेरपिस्टचा एक पानी दाखला आयोजकांनी मागावा. निपाणीच्या ताईंच्या प्रश्नावर माझे उत्तर असे, की जो क्लब किंवा जी शाळा प्रवेश शुल्क, गणवेश आणि चषकाच्या मिरवणुकीवर खर्च करते, तिने त्या खर्चाआधी जखमी खेळाडूच्या उपचारासाठी रक्कम बाजूला काढावी. देणगीदार आपल्याकडे आहेत, त्यांना अजून कोणी यासाठी मागितलेले नाही.

उत्तर: शालेय संघाचा प्रशिक्षक, खानापूर

टिळकवाडीच्या ताईंनी सांगितलेली उडीची मोजणी मी या हंगामापासून करणार आहे आणि चार-पाच मिनिटे खेळवण्याची पद्धत दुखऱ्या मांडीच्या मुलांसाठी बंद करणार आहे. दाखल्याची कल्पना मात्र मला पटलेली नाही. मुलाला न तपासता सही करून देणारा कोणीतरी मिळेलच, आणि मग तो कागद दाखवून मुलाला उतरवणे आजच्यापेक्षा सोपे होईल.

माझी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. नियमाने सोळा नावे देता येतात, पण आमच्यासारखे ग्रामीण संघ प्रवासखर्च आणि गणवेशाअभावी बारा-तेरा मुलांनिशीच येतात. त्यातली दोन जखमी झाली आणि यादी एकदा दिल्यानंतर बदलता आली नाही, तर अकरा उभे करण्यासाठीच जखमी मुलाला घ्यावे लागते. तिथे जिंकण्याची हाव हा विषयच नसतो. आयोजकांनी एका संघाला दिवसात एकच सामना द्यावा, आणि प्रत्येक पायरीवर जखमी खेळाडूच्या जागी दुसऱ्याचे नाव घालण्याची मुभा सामन्याच्या सकाळपर्यंत द्यावी. हे दोन बदल झाले, तर माझ्या संघातला जखमी मुलगा घरी राहील आणि त्यासाठी मला कोणाच्याही दाखल्याची गरज पडणार नाही. सर, पावसाळ्यापूर्वी आयोजकांची बैठक होईल तेव्हा आपण दाखल्याचा मुद्दा अवश्य मांडावा. मी तिथे त्याला विरोध करीन, पण या दोन मागण्यांच्या अर्जावर आपली सही असावी, अशी माझी विनंती आहे.