प्रश्न लागवडीचा नाही, पुढच्या वर्षाचा आहे

महाविद्यालयीन मुले किनाऱ्यावरील लागवडीच्या दिवशी उत्साहाने येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु माझ्या मते दोष मुलांचा नसून आपण त्यांच्या हाती देतो त्या कामाचा आहे. खड्डे तयार, रोपे तयार, त्यांनी फक्त माती लोटायची, अशा कामात जीव गुंतणार कसा?

कोकणातल्या खाड्यांत कांदळाचे, म्हणजे खारफुटीच्या झाडाचे, बी झाडावरच रुजते आणि वीतभराहून लांब, हिरव्या शेंगेसारखे त्याचे कोंब पावसाळ्यात गळून भरतीबरोबर वाहत येतात. ते वेचणे, किडलेले बाजूला काढणे आणि टोकदार बाजू खाली ठेवून चिखलात खोचणे, हे सारे मुलांना स्वतः करू द्यावे. त्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागते, आणि तिथीवरून ती कशी काढायची हे गावातल्या मच्छीमारांइतके चांगले कोणी शिकवू शकत नाही. त्यांना सत्कारापुरते नव्हे, शिकवायला बोलवावे.

वाळूच्या किनाऱ्यावर मात्र सरसकट सुरूची झाडे लावण्याचा मोह टाळावा, कारण वाळू धरून ठेवणाऱ्या मर्यादवेलीला आणि रावणाच्या मिशा नावाच्या गवताला त्यांच्या दाट सावलीत वाव उरत नाही. तेथे पुष्कळदा दोरी बांधून गुरे आणि गाड्या अडवणे हीच खरी लागवड ठरते. प्रत्येक गटाला दहा-दहा मीटरचा पट्टा नेमून द्यावा आणि दर महिन्याला जगलेल्या रोपांची मोजणी त्यांच्याच वहीत, मेलेल्यांच्या कारणासह, लिहून घ्यावी.